बाळाचे लसीकरण : पहिल्यांदाच आई-वडील झालेल्यांसाठी, गरोदरपणापासून शाळेपर्यंत

भारतात बालकांचे नियमित लसीकरण सक्तीचे नाही. शासकीय केंद्रात लस मोफत मिळते, आशा ताई घरी येऊन तारीख सांगून जातात, परंतु बाळाला त्या दिवशी केंद्रावर नेण्याचा निर्णय आणि त्यासाठी वेळ काढण्याचे काम घरच्यांकडेच राहते. आपल्याकडे सक्तीचाही काळ होऊन गेला आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली आणि ती भारतातील पहिली लसवंत ठरली; पुढे १८७७ मध्ये मुंबई शहरात मुलांना देवीची लस टोचणे कायद्याने बंधनकारक झाले. देवीचा रोग गेला आणि त्याबरोबर ती सक्तीही इतिहासजमा झाली. १९८५ पासून देशभर राबवला जाणारा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम पालकांच्या संमतीवरच चालतो.

म्हणून नव्या पालकांनी एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. ठरवून लस नाकारणारी कुटुंबे आपल्याकडे थोडी आहेत. तारीख हुकली, बाळाला सर्दी होती, माहेरी गेलो होतो, कार्ड सापडले नाही, अशा कारणांनी डोस राहून गेलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. रोगाच्या दृष्टीने या दोहोंत काही फरक नसतो. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारच्या कुटुंबांसाठी आहे, आणि ते महाराष्ट्रातील शासकीय व्यवस्था डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

पहिली पायरी : बाळ जन्मण्यापूर्वी

लसीकरणाची सुरुवात आईपासून होते. गरोदरपणाची नोंद झाल्यावर आईला धनुर्वात व घटसर्प यांच्यापासून संरक्षण देणारी टीडी लस दिली जाते. पहिला डोस शक्य तितक्या लवकर आणि दुसरा त्यानंतर चार आठवड्यांनी. मागील तीन वर्षांच्या आतील गरोदरपणात दोन्ही डोस झाले असतील, तर एकच बूस्टर पुरतो. आईच्या शरीरात तयार झालेली संरक्षक द्रव्ये वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि नाळेच्या जखमेतून होणारा धनुर्वात टळतो. नवजात बाळाचा धनुर्वात हे एकेकाळी आपल्या खेड्यांतील बालमृत्यूंचे एक मोठे कारण होते. माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य झाले, आणि त्यामागे ही लस व दवाखान्यातील बाळंतपणे या दोन्हींचा वाटा आहे.

याच काळात तीन कामे उरकून घ्यावीत. पहिले, गावात उपकेंद्रातील एएनएम (परिचारिका) अथवा आशा ताई यांच्याकडे आणि शहरात महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नोंदणी करून माता व बाल संरक्षण कार्ड घ्यावे. दुसरे, आपल्या भागात लसीकरणाचे सत्र कोणत्या वारी आणि कोठे भरते ते विचारून ठेवावे. गावात ते बहुधा महिन्याच्या ठरलेल्या दिवशी अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात असते. तिसरे, केंद्र शासनाच्या यू-विन या संगणकीय प्रणालीत आपला मोबाइल क्रमांक नोंदवून घ्यावा, म्हणजे प्रत्येक डोसची नोंद कागदाबाहेरही राहते आणि दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यावर ती काढता येते. बाळंतपणासाठी माहेरी जाणार असल्यास हे तिसरे काम विशेष महत्त्वाचे आहे, कारण पहिले बाळंतपण माहेरी आणि पुढचे डोस सासरी, ही आपली रीत दोन आरोग्य केंद्रांच्या नोंदवह्यांमध्ये बाळ हरवण्यास पुरेशी असते.

दुसरी पायरी : जन्मानंतरचे चोवीस तास

जन्मल्यावर बाळाला तीन लसी मिळतात : क्षयरोगावरील बीसीजी, पोलिओचा शून्य डोस (नियमित डोसांच्या आधीचा, जन्मतःचा) आणि ब प्रकारच्या काविळीची लस. यांतील काविळीची लस चोवीस तासांच्या आत मिळणे आवश्यक आहे. आईच्या रक्तात या काविळीचा विषाणू असेल तर तो प्रसूतीच्या वेळी बाळाकडे जाऊ शकतो, आणि नवजात वयात लागण झालेल्या दहापैकी सुमारे नऊ बाळांमध्ये तो आजार कायमचा ठाण मांडतो. पुढे मोठेपणी यकृत निकामी होण्याचे किंवा यकृताच्या कर्करोगाचे मूळ तेथे असते. खासगी रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास घरी निघण्यापूर्वी तिन्ही लसींची नोंद कार्डावर तारखेसह आहे की नाही हे स्वतः पाहावे. पोलिओचा शून्य डोस पहिल्या पंधरा दिवसांपर्यंत आणि बीसीजी एक वर्षापर्यंत देता येते, तथापि त्या सवलतीचा आधार घेण्याची वेळ येऊ देऊ नये.

बीसीजी डाव्या दंडावर टोचतात. काही आठवड्यांनी तेथे लहान गाठ येते, तिला पाणी सुटते, क्वचित पू दिसतो आणि हळूहळू खपली धरून व्रण उरतो. हे अपेक्षितच आहे; त्यावर हळद, तेल, मलम यांपैकी काहीही लावू नये आणि ती दाबू नये. व्रण उठला नाही म्हणून लस पुन्हा टोचण्याचीही गरज नसते. या लसीकडून अपेक्षा मात्र नेमकी ठेवावी : ती लहान मुलांना क्षयरोगाच्या मेंदूज्वरासारख्या भयंकर प्रकारांपासून वाचवते, मोठेपणी फुप्फुसाचा क्षय होणारच नाही अशी हमी ती देत नाही.

तिसरी पायरी : दीड, अडीच आणि साडेतीन महिने

या तीन भेटी म्हणजे संपूर्ण वेळापत्रकाचा कणा होय. प्रत्येक भेटीत पेंटाव्हॅलंट लस असते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ आणि हिब जिवाणूमुळे होणारे न्यूमोनिया व मेंदूज्वर अशा पाच धोक्यांवर ती एकाच टोचणीत काम करते. तिच्याबरोबर तोंडावाटे पोलिओचे थेंब आणि जुलाबावरील रोटाव्हायरस लस असते. दीड आणि साडेतीन महिन्यांच्या भेटीत यांखेरीज न्यूमोनियाची पीसीव्ही लस आणि पोलिओचे इंजेक्शनही असते. म्हणजे त्या दोन दिवशी बाळाला तीन टोचण्या होतात : दोन्ही मांड्यांवर एकेक आणि उजव्या दंडावर कातडीच्या वरच्या थरात एक.

हे आधी माहीत नसल्याने अनेक आया पहिल्या भेटीत घाबरतात आणि “आज एकच द्या, बाकीच्या पुढच्या वेळी” असे म्हणतात. हा आग्रह समजण्याजोगा असला तरी बाळाच्या हिताचा नाही. एकाच दिवशी अनेक लसी दिल्याने बाळाच्या प्रतिकारशक्तीवर ताण येत नाही, उलट लांबवलेला डोस पुढे विसरला जातो आणि डांग्या खोकल्याचा सर्वाधिक धोका ज्या पहिल्या काही महिन्यांत असतो, त्याच महिन्यांत बाळ उघडे पडते.

दोन डोसांमध्ये किमान चार आठवड्यांचे अंतर लागते. ठरलेल्या दिवसापेक्षा आठवडाभर उशीर झाला तर बिघडत नाही. ठरलेल्या दिवसाआधी मात्र नेऊ नये.

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर मिळालेले थेंब हे नियमित डोसांव्यतिरिक्त असतात. बोटाला शाई लागली म्हणून दीड महिन्याचा डोस झाला असे होत नाही. १९९५ पासून चाललेल्या त्या मोहिमेमुळे आणि नियमित डोसांमुळेच १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळलेला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया प्रदेश पोलिओमुक्त घोषित झाला. शेजारच्या पाकिस्तान व अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे, त्यामुळे थेंब थांबवण्याची वेळ आलेली नाही.

चौथी पायरी : सत्राच्या दिवशी काय करावे, काय पाहावे

कार्ड बरोबर न्यावे. बाळाला दूध पाजून न्यावे. उपाशीपोटी नेण्याचे काहीच कारण नाही. सैल कपडे घालावेत म्हणजे मांडी आणि दंड पटकन मोकळे करता येतात. तोंडावाटे द्यायच्या लसी झाल्यावर टोचणीच्या वेळी बाळ अंगावर पीत असेल तर त्याला दुखणे कमी जाणवते, त्यामुळे संकोच न करता ताईंना तसे सांगावे.

साधी सर्दी, खोकला, थोडे जुलाब किंवा किरकोळ ताप असताना लस देता येते. डोस राहून जाण्याचे सर्वांत सामान्य आणि सर्वांत अनावश्यक कारण हेच आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असले तरी डोसांची तारीख जन्मतारखेपासूनच मोजतात. जन्मवजन फारच कमी असल्यास बीसीजीबाबत डॉक्टर थोडे थांबण्यास सांगू शकतात. खरी थांबण्याची कारणे मोजकी आहेत : आधीच्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी होऊन श्वास अडकणे, डांग्या खोकल्याच्या घटकानंतर मेंदूवर परिणाम झाल्याचे निदान होणे, आतडे आतड्यात गुंतण्याचा आजार होऊन गेलेला असताना रोटाव्हायरस लस, आणि प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार असताना जिवंत विषाणूंच्या लसी. यांपैकी काही असल्यास ते ताईंना सुईपूर्वी सांगावे.

लसीच्या बाटलीवर एक लहान वर्तुळ आणि त्याच्या आत चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस उष्णतेपासून सुरक्षित राहिली आहे. चौकोन वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर ती बाटली वापरत नाहीत. पालकाने ते पाहण्यास मागितले तर त्यात कोणाचा अविश्वास नाही. सिरिंजही एकदा वापरल्यावर आपोआप निकामी होणारी असते. काही ठिकाणी गोवराची किंवा बीसीजीची बाटली फोडण्यापूर्वी ताई आणखी मुले येण्याची वाट पाहतात, आणि पालक वैतागतात. त्यामागील कारण असे की पाण्यात मिसळल्यावर या लसी चार तासांच्या आत वापराव्या लागतात व उरलेली लस टाकून द्यावी लागते. तरीही एका मुलासाठी बाटली फोडू नये असा नियम नाही. “आज मुले कमी आहेत, पुढच्या महिन्यात या” असे उत्तर मिळाल्यास नम्रपणे पण ठामपणे लस मागावी, आणि तरीही जमले नाही तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

लस झाल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे. तीव्र ॲलर्जी अत्यंत दुर्मीळ असते, परंतु ती झाल्यास बहुधा याच अवधीत होते आणि तिच्यावरचे औषध केंद्रात तयार असते. निघताना चार गोष्टी ताईंनी सांगितल्या पाहिजेत : आज कोणती लस दिली व ती कोणत्या आजारावर आहे, तिचा कोणता त्रास होऊ शकतो व तो झाल्यास काय करावे, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणावे. गर्दीत त्या राहिल्या तर आपण विचाराव्यात.

पाचवी पायरी : घरी आल्यावर

पेंटाव्हॅलंटनंतर पहिले एक-दोन दिवस ताप, टोचल्या जागी सूज व लाली, चिडचिड आणि जास्त रडणे हे नेहमीचे आहे. ताई देतात ते पॅरासिटामॉल बाळाच्या वजनानुसार त्यांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे, सुजेवर स्वच्छ थंड पाण्याची घडी ठेवावी. शेकणे, चोळणे आणि ॲस्पिरिन देणे टाळावे. ताप दोन दिवसांपेक्षा जास्त टिकला, झटके आले, बाळ तीन तासांहून अधिक काळ न थांबता रडत राहिले, मलूल पडले किंवा श्वासास त्रास झाला, तर केंद्राला त्वरित कळवावे. अशा प्रत्येक घटनेची नोंद घेऊन तपास करण्याची यंत्रणा आरोग्य खात्यात आहे आणि तक्रार करणाऱ्या पालकाला लसविरोधी समजण्याचे कारण नाही.

खासगी दवाखान्यात मिळणारी “न दुखणारी” लस हा प्रश्न हमखास निघतो. तिच्यातील डांग्या खोकल्याचा घटक जिवाणूचे ठरावीक अंश घेऊन केलेला असतो, म्हणून ताप कमी येतो. शासकीय लसीत तो संपूर्ण मृत जिवाणूपासून केलेला असतो, म्हणून ताप थोडा जास्त येतो, पण संरक्षण अधिक काळ टिकते. बाळाला एका रात्रीचा ताप येऊ नये म्हणून हजारो रुपये खर्चणे हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न आहे. त्यामुळे शासकीय लस दुय्यम ठरत नाही. तापाच्या धास्तीने डोसच सोडून देण्याची किंमत काय असते, हे जपानने पाहिले आहे. दोन बाळांच्या मृत्यूनंतर तेथे १९७५ मध्ये ही लस काही काळ थांबवण्यात आली, १९७४ मध्ये सुमारे ८० टक्के असलेले प्रमाण दोन वर्षांत १० टक्क्यांच्या आसपास उतरले, आणि १९७९ च्या साथीत १३,००० हून अधिक रुग्ण व ४१ मृत्यू नोंदले गेले.

सहावी पायरी : नऊ महिने, म्हणजेच गोवर

बहुतांश गडबड या डोसपाशी होते, म्हणून त्याविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. साडेतीन महिन्यांनंतर जवळजवळ साडेपाच महिने काहीच डोस नसतो. बाळ रांगू लागते, उष्टावण होते, आई शेतावर किंवा नोकरीवर परतते आणि कार्ड कपाटात जाते. नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेलाचा (रुबेला म्हणजे जर्मन गोवर) पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओचे तिसरे इंजेक्शन आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस द्यायचा असतो. विदर्भातील काही जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लसही याच वेळी असते. लसीनंतर सात ते बारा दिवसांनी थोडा ताप आणि फिकट पुरळ येऊ शकते. ते आपोआप जाते.

गोवर हा माणसाला ठाऊक असलेल्या अत्यंत संसर्गजन्य आजारांपैकी एक आहे. एक रुग्ण, आजूबाजूला कोणालाच संरक्षण नसेल तर, बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहतो, आणि पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रुग्ण तो पसरवत असतो. त्यामुळे पुरळ दिसल्यावर बाळाला वेगळे ठेवून साथ आवरत नाही. न्यूमोनिया, जुलाब, मेंदूला सूज आणि अ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या मुलांत अंधत्व, ही त्याची रूपे आहेत. एवढेच नव्हे, तर आधी मिळवलेल्या प्रतिकारशक्तीची स्मृती तो काही काळ पुसून टाकतो, त्यामुळे गोवर बरा झाल्यावरही मूल महिनोन्महिने इतर आजारांना बळी पडते. “गोवर एकदा येऊन गेलेला बरा” हे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे त्यांच्या काळात लस नव्हती म्हणून आलेले आहे. जी मुले वाचली त्यांनाच ते म्हणता आले.

आता स्वेच्छेने घेतलेल्या लसीचा रोगावर परिणाम कसा होतो, ते एका साध्या हिशेबाने पाहू. एखाद्या मोठ्या गावात वर्षाला १०० बाळे जन्मतात आणि त्यांतील ८० बाळांना नऊ महिन्यांचा डोस मिळतो असे समजा. नऊ महिन्यांच्या वयात दिलेला एक डोस सुमारे ८५ टक्के बाळांना संरक्षण देतो, म्हणजे ८० पैकी ६८ सुरक्षित झाली. उरली ३२ : वीस ज्यांनी लस घेतलीच नाही आणि बारा ज्यांनी घेऊनही ती लागू पडली नाही. पुढच्या वर्षी आणखी ३२, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी ३२. तीन वर्षांत त्या गावात जवळजवळ शंभर असुरक्षित मुले साठतात आणि कोठून तरी एक रुग्ण येण्याचाच अवकाश राहतो. गोवराच्या साथी दरवर्षी थोड्या थोड्या न येता काही वर्षांच्या शांततेनंतर एकदम का भडकतात, याचे उत्तर या बेरजेत आहे, आणि ती शांतता पाहून “आता गोवर राहिला कुठे” असे म्हणणाऱ्यांची चूकही त्यातच आहे.

हाच हिशेब आणखी एक कोडे सोडवतो. साथीत “लस घेतलेल्यांनाही गोवर झाला” असे ऐकू येते आणि ते खरेही असते. १,००० मुलांपैकी ९०० जणांनी एक डोस घेतला असेल, तर त्यांतील १३५ असुरक्षित राहतात. न घेतलेली १०० पूर्ण असुरक्षित असतात. साथ सर्वांपर्यंत पोहोचली तर रुग्णांत लसवंतांची संख्या अधिक दिसेल. परंतु लस घेतलेल्या शंभरांतील पंधरा आजारी पडली आणि न घेतलेल्या शंभरांतील शंभरही पडली, हे त्या बातमीत येत नाही.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि परिसरात, त्याचप्रमाणे भिवंडी व मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि त्यात बालके दगावली. कोविडच्या काळात विस्कळीत झालेली सत्रे, दाटीवाटीची घरे, कुपोषण आणि काही कुटुंबांचा लसीबद्दलचा संकोच या सर्व गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना एक जादा डोस देण्याचे आणि नऊ महिन्यांखालील रुग्णांचे प्रमाण जास्त असेल तेथे सहा महिन्यांपासूनच्या बाळांनाही एक डोस देण्याचे केंद्र शासनाने सुचवले. अशा वेळी मिळालेला हा आगाऊ डोस नियमित दोन डोसांत धरू नये; ते दोन्ही वेळेवर घ्यावेतच.

सातवी पायरी : सोळा ते चोवीस महिने

गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील) लसीचा पहिला बूस्टर आणि पोलिओचे थेंब या वयात असतात, तसेच अ जीवनसत्त्वाचे डोस पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी चालू राहतात. माझ्या मते संपूर्ण वेळापत्रकातील सर्वांत दुर्लक्षित भेट ही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १२ ते २३ महिने वयाच्या पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचे देशातील प्रमाण २०१५-१६ मध्ये ६२ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७६ टक्क्यांवर गेले. वाढ चांगलीच आहे. पण त्या “पूर्ण” या व्याख्येत बीसीजी, पोलिओचे व त्रिगुणी घटकाचे तीन-तीन डोस आणि गोवराचा एकच डोस मोजला जातो. दुसरा डोस त्यात नाही. वरच्या उदाहरणातील बारा बाळांना, ज्यांच्यात पहिली लस लागू पडली नव्हती, त्यांतील बहुतेकांना तो दुसरा डोसच सुरक्षित करतो. गोवराची साखळी तोडण्यासाठी ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात, असे म्हणतात ते यासाठी.

बहुतेकांनी लस घेतली की न घेतलेल्यालाही मिळणारा हा सामूहिक आडोसा सर्व आजारांना लागू नाही, हेही सांगितले पाहिजे. धनुर्वात एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. त्याचे जंतू मातीत असतात. गावातील सर्व मुलांनी लस घेतली आणि आपल्या मुलाने घेतली नाही, तर गंजलेला पत्रा लागल्यावर त्याला शेजाऱ्यांच्या लसीचा काडीचाही उपयोग नाही. “सगळे घेतातच, आपण एक नाही घेतली तर काय” असे म्हणणाऱ्याने आधी हे ऐकावे.

डोस राहून गेला असेल तर

मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. थांबली होती तेथून पुढे चालवतात. रोटाव्हायरस आणि पेंटाव्हॅलंट एक वर्षाच्या आत सुरू करावे लागतात, गोवर-रुबेलाचे राहिलेले डोस पाच वर्षांपर्यंत, त्रिगुणीचे सात वर्षांपर्यंत देता येतात. कार्ड हरवले असल्यास यू-विनवर किंवा केंद्राच्या नोंदवहीत शोधावे, आणि कोठेच नोंद नसेल तर ताई जे डोस झाले नाहीत असे धरतील ते घ्यावेत. जादा डोसाने अपाय होत नाही.

दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांचे वेळापत्रक कारखान्याच्या हंगामावर चालते, लसीच्या तारखांवर नाही. त्यांनी निघण्यापूर्वी आशा ताईंकडून पुढील सहा महिन्यांत येणाऱ्या तारखा लिहून घ्याव्यात आणि कोपीवर (तोडणीच्या जागच्या झोपडीवर) पोहोचताच तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावे. लस मिळण्यासाठी त्या गावचे रहिवासी असण्याची अट नाही, आणि आधार कार्ड नाही म्हणून बाळाला परत पाठवता येत नाही. वीटभट्ट्या, बांधकामाच्या जागा आणि पालांवरील वस्त्या यांच्यासाठी डिसेंबर २०१४ पासून मिशन इंद्रधनुष्य आहेच. पेंटाव्हॅलंटचा पहिलाही डोस न मिळालेल्या बाळांना “शून्य डोस” बालके म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार भारतात अशी बालके २०२३ मध्ये सुमारे १६ लाख होती, ती २०२४ मध्ये सुमारे ९ लाखांवर आली.

घरात विरोध असेल तर

आजी-आजोबांशी वाद घालून लस होत नाही. त्यांच्या पिढीने देवी, पोलिओ, घटसर्प पाहिलेले असतात. गावात कोणाचा पाय लुळा होता, कोणाचे मूल घशाने गेले, हे त्यांनाच विचारावे. बहुतेक वेळा उत्तर देता देता त्यांचा विरोध सैल होतो. वंध्यत्व येते ही अफवा पोलिओच्या वेळी होती आणि देशाच्या काही भागांत गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळी मोबाइलवरून पुन्हा फिरली. पोलिओचे थेंब घेतलेली पिढी आज स्वतःच्या मुलांना सत्रावर आणते आहे, यापेक्षा वेगळे उत्तर लागू नये. गोवर-गालगुंड-रुबेला लसीशी स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) संबंध जोडणारा १९९८ चा ब्रिटिश शोधनिबंध ज्या नियतकालिकात आला होता, त्यानेच तो २०१० मध्ये मागे घेतला.

खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्यांनी गालगुंड, कांजिण्या, विषमज्वर, अ प्रकारची कावीळ यांवरील लसींचा विचार अवश्य करावा; त्या शासकीय वेळापत्रकाबाहेरच्या आहेत. काही डोस खासगी आणि काही शासकीय घेण्यास हरकत नाही, मात्र सर्वांची नोंद एकाच कार्डावर असावी.

शेवटच्या तारखा

पाच ते सहा वर्षांच्या वयात त्रिगुणीचा दुसरा बूस्टर असतो. शाळेच्या पहिल्या वर्षाच्या धांदलीत तो विसरतो, म्हणून प्रवेशाच्या कागदपत्रांसोबतच कार्ड काढून पाहावे. त्यानंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी असते. शाळेत आरोग्य पथक येते तेव्हा ती दिली जाते, आणि त्या दिवशी मूल गैरहजर असल्यास जवळच्या केंद्रात घेता येते. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र मोबाइलमध्ये आणि एक छापील प्रत घरात ठेवावी. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या मराठी कुटुंबांकडून शाळाप्रवेशासाठी वा स्थलांतराच्या कागदपत्रांसाठी प्रत्येक डोसची तारीख मागितली जाते; केवळ “सर्व लसी झाल्या आहेत” असे पत्र पुरत नाही, त्यामुळे अस्पष्ट तारखा निघण्यापूर्वीच केंद्रातून शिक्क्यासह दुरुस्त करून घ्याव्यात.